अप्पांनी चाखल्याशिवाय

४ डिसेंबर

बारक्या,

फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग "भट्टी तापलीय" म्हणून तू फोन ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला आहे. नीट बसून वाच, आणि पिठाच्या हातांनी वाचू नकोस.

परवा न सांगता दुकानात आले ते बरंच झालं. सांगून आले असते तर तुम्ही मला काकडी खाणारे अप्पा दाखवले असते. मी काय पाहिलं? अप्पा भट्टीशेजारी बसलेले, बँडेजचा पाय खोक्यावर, हातात चमचा, आणि तू पुढ्यात ट्रे धरून उभा. आधी साध्या केकचा तुकडा, मग चॉकलेटचा, मग बिस्किट, मग तो सुक्यामेव्याचा जड केक, जो फक्त नाताळच्या सुट्ट्यांत होतो. काउंटरपलीकडून गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. बघणारच. अख्ख्या बाजारात तुम्ही बोर्ड लावून मिरवत आलात ना, अप्पांनी चाखल्याशिवाय आमच्याकडचा माल बाहेर जात नाही म्हणून.

ऑक्टोबरात त्यांच्या पायाचा अंगठा काढला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनी ऐकलं. साखर आवरली नाही तर पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नाही. तू तेव्हा मान डोलवलीस. मान डोलवायला तुझं कधीच काही जात नाही.

आता तू म्हणशील, सुट्ट्यांचे दिवस आहेत, एवढ्याशानं काय होतं. हे "एवढ्याशानं" मी शाळेत पीटीच्या तासाला वर्षभर ऐकते. डिसेंबरात मैदानावरून गोळ्याबिस्किटांचे कागद गोळा करते आणि जानेवारीत तीच पोरं दोन फेऱ्यांत धापा टाकतात. सुट्टी शाळेला असते. शरीराला कोण सुट्टी देतं?

मी येत्या रविवारी येते आहे. अप्पांना सुट्ट्या संपेपर्यंत माझ्याकडे आणणार. त्यांची बॅग भरून ठेवायला तुझ्या बायकोला सांग. तू भरलीस तर तळाशी केक निघेल.

आक्का

७ डिसेंबर

आक्का,

पिठाच्या हातांनीच वाचलं. डाग पडला, पण शब्द सगळे दिसले.

वर्षातून चार वेळा यायचं, शिट्टी वाजवायची आणि परत जायचं, हे तुझं बरं आहे. अप्पांचं ड्रेसिंग रोज कोण बदलतं? माझी बायको. पट्टी काढताना ते शिव्या घालतात त्या कोण ऐकतं? तीच. गोळ्या कोण देतं, रात्री उठून पाणी कोण देतं, हे तुला कुणी पत्रानं कळवलं नाही म्हणून तुला वाटतं की इथे नुसता केकच चालू असतो.

आणि ऐक. अप्पा गिळत नाहीत. चघळतात, चव घेतात आणि थुंकतात. त्यासाठी त्यांच्याजवळ पत्र्याचा मग असतो. तू आलीस तेव्हा तुला चमचा दिसला, पत्र्याचा मग दिसला नाही. तुला जे बघायचं असतं तेवढंच तू बघतेस, लहानपणापासून.

या तीन आठवड्यांवर आमचं वर्ष उभं असतं. अप्पा जाग्यावर हवेत. तू रविवारी ये, जेव, जा. त्यांना नेऊ नकोस. गेल्या सुट्टीत तुझीच पोरं उशीखाली बिस्किटं लपवून खात होती हे माझ्या बायकोनं पाहिलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तिला पोरांची दया आली. तुझ्या घरात माणसं जेवत नाहीत, परीक्षा देतात.

बारक्या

१३ डिसेंबर

बारक्या,

रविवारी जे झालं ते गिऱ्हाइकांसमोर झालं याचं मला वाईट वाटत नाही. चमचा मी त्यांच्या हातातून ओढून घेतला नसता तर तू तो सोडवला नसतास. तुझ्या बायकोनं गुपचूप बॅग आणून रिक्षात ठेवली. त्या घरात अक्कल असलेलं एक तरी माणूस आहे.

आता ऐक. साखर उतरली आहे. नुसती उतरली नाही, चांगली उतरली आहे. रोज सकाळी मी तपासते. उकडलेल्या भाज्या, मोड आलेले मूग, अंडं, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी सूप. अप्पा एक शब्द बोलत नाहीत, ताट रिकामं करतात. मला वाटलं होतं की आदळआपट करतील. उलट दुसऱ्याच दिवशी स्वतःहून म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." तेव्हापासून रोज सकाळी बस थांब्यापर्यंत जातात आणि ताजेतवाने होऊन येतात. काठी टेकत जातात, पण जातात. एवढं वय झालेला माणूस जर सुट्टीच्या दिवसांत स्वतःला शिस्त लावून घेऊ शकतो, तर तुम्हा धडधाकटांना काय झालं आहे?

आणि एक विचारते, अगदी साधा प्रश्न. चव अप्पांनीच का बघायची? तुला तोंड आहे, तोंडात जीभ आहे. माझ्याशी भांडताना ती कशी सुरीसारखी चालते. चाळिशी उलटली तुझी, वीस वर्षं भट्टीसमोर उभा आहेस. अजून बापानं घास खाल्ल्याशिवाय तुझा केक तयार होत नाही? हौस तुमच्या बोर्डाची आणि पाय त्यांचा, असा हा व्यवहार आहे.

आक्का

१७ डिसेंबर

आक्का,

अभिनंदन. सोमवारी एक अख्खी खेप खराब गेली. लोणी जुनं निघालं. मला कळलं नाही, कामाच्या घाईत होतो. सगळे केक काउंटरवर गेले, विकले गेले, आणि संध्याकाळपासून परत यायला लागले. आपल्या समोरच्या गल्लीतले शिंपीकाका, अप्पांचे दोस्त, पस्तीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांनी खोका काउंटरवर आपटला आणि विचारलं, "म्हातारा मेला काय रे, की असला माल विकतोस?" माझ्या बायकोसमोर. ती गल्ल्यावर बसली होती, मान खाली घालून लोकांना पैसे परत देत होती.

तुझ्या मुगाला मोड आले असतील. इकडे माझं नाव मातीत गेलं.

जीभ आहे की नाही ते मला विचारू नकोस. पुन्हा विचारू नकोस.

अप्पांना परत पाठव. निदान सुट्ट्या संपेपर्यंत. नंतर वर्षभर ठेव त्यांना तुझ्याकडे, सूप पाज.

बारक्या

२२ डिसेंबर

बारक्या,

हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून रागानं लिहिते आहे.

शनिवारी सकाळी साखर तपासली तर आकडा बघून मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा तपासली, तीच. पट्टी सोडली तर जखम ओली, आणि कडेनं पाय लाल झालेला. अप्पांना विचारलं, काय खाल्लंत? म्हणाले, "तू दिलंस तेच." आणि काठी घेऊन निघाले फिरायला. या वेळी मी मागे गेले.

बस थांब्यावर पहिली बस आली. कंडक्टरनं खाली उतरून अप्पांच्या हातात खोका दिला. तुझ्या दुकानाचा खोका, तुझी दोरी, तुझी गाठ. अप्पा बाकावर बसले, दोरी सोडली आणि एकेक तुकडा तोंडात टाकायला लागले. डोळे मिटून. मग खिशातून फोन काढला आणि तुला सांगायला लागले, साधा ठीक, चॉकलेटचा जरा करपलाय, बिस्किटाला मीठ कमी. मी पाच पावलांवर उभी होते.

बाकावर त्यांनी बॅगेतून आणलेला तुझा तो पत्र्याचा मग होता. मी उचलून आत बघितलं. कोरडा होता. आतल्या पत्र्यावर धूळ होती बारक्या. इथे आल्यापासून अप्पांनी त्यात थुंकलेलंच नाही.

मी म्हटलं, अप्पा, हे काय? तर मलाच ओरडले. "लोणी जुनं आहे की नवं ते जिभेवर कळत नाही, घशाखाली उतरल्यावर कळतं. थुंकून कुणी चव बघतं का?" वर मला अडाणी म्हणाले, भर रस्त्यात.

चोरून खाणाऱ्या पोरांचं मला समजतं. चोरून खायला घालणारा मुलगा मी पहिल्यांदा बघते आहे. तू बसनं केक पाठवलेस. जखमी पायाच्या, साखरेच्या माणसाला, रोज. अप्पांनी केक खाल्ला आणि तू त्यांचा पाय खाल्लास. आता डॉक्टर म्हणतात की विष वर चढायच्या आत पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. उद्या काढतील.

तू येऊ नकोस. आलास तर दाराबाहेर काढीन. फक्त एवढं लिही, की तुला कळत नव्हतं का? आणि "सुट्ट्यांचे दिवस" हा शब्द त्यात येऊ देऊ नकोस.

आक्का

२४ डिसेंबर

आक्का,

तू बाहेर काढणार होतीस तरी मी आलो होतो. तू आत अप्पांजवळ होतीस. मी खाली चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो आणि पहिल्या बसनं परत आलो.

तुला उत्तर हवं आहे ना, घे.

मार्चमध्ये मला तो ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. मला वास येत नाही. चव लागत नाही. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. तोंडात केक घातला की ओला कापूस चावल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणतात येईल परत, कदाचित. तो "कदाचित" मी मार्चपासून चघळतो आहे.

हे फक्त अप्पांना माहीत आहे. त्यांनीच ओळखलं. एकदा माझ्या चहात त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं, आणि मी कप रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून भट्टीशेजारी येऊन बसायला लागले. त्याआधी चाखणं म्हणजे नुसता मान होता, पहिल्या खेपेचा एक तुकडा, तोही हसत हसत. मार्चनंतर ते काम झालं. माझ्या तोंडाचं काम ते करत होते. अंगठा काढल्यावर मी म्हटलं, आता पुरे. म्हणाले, "भट्टीवाल्याला नाक नाही हे बाजारात कळलं तर उद्या दुकानाला कुलूप. मी थुंकीन." माझ्यासमोर थुंकायचेही. मी माल भट्टीत सरकवायला वळलो की काय करत होते ते मला दिसत नव्हतं. मी बघायला हवं होतं, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

तू त्यांना नेलंस आणि लोणी खराब निघालं. तेव्हा केक पाठवायची कल्पना त्यांनीच काढली, म्हणाले, थांब्यापर्यंत मी रोज जातोच. मी नको म्हणालो असतो, तर काय केलं असतं? हंगामात दुकान बंद? मला सांग, तू काय केलं असतंस? तुझी शिट्टी वाजेनाशी झाली असती तर तू मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं असतंस?

माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नकोस. मी रोज तिच्या हातचं जेवतो आणि छान झालंय म्हणतो. तेवढं तरी राहू दे.

बारक्या

२७ डिसेंबर

बारक्या,

शस्त्रक्रिया झाली. पुढचा अर्धा पाय गेला. टाच राहिली, त्यावर पुढे विशेष बूट घालून चालता येईल म्हणतात. अप्पा शुद्धीवर आहेत, ताप उतरला आहे, आणि दवाखान्याच्या जेवणाला नावं ठेवतायत.

डॉक्टर केकवर फार बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर वाढली हे खरंच. पण असल्या पायावर या माणसाला रोज चालवलं कुणी?" तेरा तारखेचं माझं पत्र तुझ्याकडे असेल. त्यात मी किती आनंदानं लिहिलंय ते पुन्हा वाचू नकोस, फाडून टाक. जखमेवर भार नको हे त्यांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. पण चालणं वाईट असूच शकत नाही, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. तेव्हा अर्धा पाय तू खाल्लास हे मी मागे घेते. दोघांनी मिळून खाल्ला.

पण माझा राग उतरलेला नाही. तो आता दुसऱ्याच गोष्टीवर गेला आहे. मी अप्पांना विचारलं, मुलाला चव लागत नाही, बरं. मग सुनेला का नाही सांगितलं? ती तर तिथेच आहे, गल्ल्यावर, भट्टीपासून एका भिंतीच्या अंतरावर. म्हणाले, "नवऱ्याचं वैगुण्य बायकोला सांगायचं? पोराची घरातली अब्रू राहिली असती काय?" म्हणजे घरातली अब्रू राखायला बाजारातली घालवली, आणि दोन्ही राखायला पाय घालवला. हा हिशेब मला कुठल्याही शाळेत शिकवला नव्हता.

तुझ्या बायकोला मी सांगितलं आहे. आजच, फोनवर, दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून. तू नको म्हणालास, तरी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्का, ठेवते," आणि ठेवला.

आक्का

३१ डिसेंबर

आक्कांना नमस्कार,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. ह्यांची आणि तुमची पत्रं जात-येत होती, पाकिटांवर तिकिटं मीच लावत होते, आत काय आहे ते विचारत नव्हते. भावाबहिणीचं भांडण आहे, आपण मध्ये पडू नये, असं मला वाटायचं. आता पडते.

अप्पांच्या पायाचं ड्रेसिंग मी रोज केलं. जखम भरत का नाही म्हणून मला रडू यायचं. वाटायचं, माझ्याच हातात काही दोष असेल, पट्टी घट्ट बांधते की काय. माझ्या डोळ्यांआड भिंतीपलीकडे काय चाललं आहे ते दोघांना माहीत होतं. अप्पा मला शिव्या घालायचे आणि मी त्या ऐकून घ्यायची. तुम्हीही मला काही विचारलं नाहीत आक्का. बॅग भरायला तेवढं माझं नाव घेतलंत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती कुणी खरोखर करून दाखवील असं वाटलं नव्हतं. केक दोन तास बसनं जायचा, म्हाताऱ्या माणसाला पाय घासत थांब्यावर आणायचा, आणि मी इथे, हातभर अंतरावर, खोक्यांना दोऱ्या बांधत बसलेली. ते खोके मीच बांधले. ती गाठ, जी तुम्ही ओळखली म्हणालात, ती माझी आहे. मला सांगितलं होतं, हे लांबच्या एका गिऱ्हाइकाचे नमुने आहेत.

तुमचा फोन आला त्या दुपारीच मी गल्ल्यावरून उठले. भट्टीजवळ गेले, ट्रे उचलला आणि प्रत्येकातला तुकडा तोडून खाल्ला, गिऱ्हाइकांसमोर. सुक्यामेव्याच्या केकात लवंग जास्त झाली होती, तो काउंटरवर लावू दिला नाही. ह्यांनी विचारलं, "तुला कळतं?" मी म्हटलं, एकोणीस वर्षं या घराचा स्वयंपाक कोण करतंय? मग ते खाली बसले, पिठाच्या पोत्यावरच, आणि सगळं सांगितलं. शिंपीकाका तेव्हा काउंटरवर होते, त्यांनी ऐकलं. म्हणजे आतापर्यंत बाजारानंही ऐकलं असेल. दुकानाला कुलूप लागलेलं नाही. उलट काल दोन बाया येऊन आपापल्या तापाच्या गोष्टी सांगून गेल्या.

तुम्ही सांगितल्याशिवाय मीच ठरवलं आहे की कणभराच्या वर तुकडा घ्यायचा नाही, आणि माझी स्वतःची साखर महिन्याला तपासायची. माझ्या आईलाही होती. सुट्ट्या येतात आणि जातात, पाय परत येत नाही, हे मला आता कुणी शिकवायला नको.

अप्पांना भेटायला मी इतक्यात येत नाही. राग आहे. ते घरी आले की त्यांचं सगळं करीन, पट्टी बांधीन, त्यांना जेवढं पाहिजे तेवढंच वाढीन, पण आज तोंड बघायची इच्छा नाही. त्यांना तसं सांगा, गोड करून सांगू नका.

ह्यांच्यावर मात्र कशाचा राग आहे ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. दुकानाचा नाही. पायाचाही सगळा त्यांच्यावर काढत नाही. मार्चपासून मी रोज दोन वेळा ताट वाढत होते आणि ते रोज दोन वेळा म्हणत होते, छान झालंय. मध्ये भाजी करपली होती, छान झालंय. मी आजारी असताना शेजारणीनं डबा दिला, छान झालंय. मला वाटायचं, या माणसाला माझ्या हातचं सगळंच आवडतं. आक्का, मला त्याचा अभिमान होता.

काल मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. ताट पुढे ठेवलं आणि बघत उभी राहिले. ह्यांनी घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सवयीनं तोंड उघडलं. मी म्हटलं, "म्हणून तर बघा." मग त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "कशी झालीय?"

मी सांगितलं, अळणी. आणि मीठ आणायला उठले नाही.

तुमची भावजय